गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर (१४ जुलै १८५६ – १७ जून १८९५) हे एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रकार, निबंधकार, शिक्षणतज्ज्ञ आणि समाजसुधारक होते. 'केसरी' या साप्ताहिकाचे ते पहिले संपादक, डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे दुसरे प्राचार्य होते. सामाजिक प्रश्नांवरील आपली मते सहकाऱ्यांना मान्य होईनात, तेव्हा स्वतः नावारूपाला आणलेले 'केसरी' सोडून त्यांनी १८८८ मध्ये पुण्यातच 'सुधारक' हे साप्ताहिक सुरू केले. धर्मग्रंथांचा आधार न शोधता केवळ विवेकबुद्धीच्या कसोटीवर रूढींची चिकित्सा करणारे पत्र म्हणून 'सुधारक'ला मराठी पत्रसृष्टीत वेगळे स्थान आहे.

जन्म आणि शिक्षण

आगरकरांचा जन्म सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी एका गरीब ब्राह्मण कुटुंबात झाला. विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याने मान्यता देणारा अधिनियम त्याच महिन्यात, म्हणजे जुलै १८५६ मध्ये संमत झाला. प्राथमिक शिक्षण कऱ्हाड येथे झाल्यावर घरच्या दारिद्र्यामुळे त्यांना लहान वयातच कारकुनी करावी लागली. पुढील शिक्षणासाठी ते रत्नागिरीस गेले. परंतु तेथे निर्वाहाची सोय न झाल्याने त्यांना परतावे लागले. काही काळ त्यांनी कऱ्हाडच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणूनही काम केले. त्यानंतर नातलगांच्या आश्रयाने ते अकोल्यास गेले आणि तेथून १८७५ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. अकोल्याच्या शाळेत विष्णु मोरेश्वर महाजनी यांचे साहाय्य त्यांना लाभले. 'वऱ्हाड समाचार' या पत्रातील लेखनाने त्यांची वृत्तपत्रांशी पहिली ओळख झाली.

उच्च शिक्षणासाठी आगरकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. शिष्यवृत्ती आणि निबंधस्पर्धांतील पारितोषिके यांवर त्यांनी शिक्षणाचा खर्च भागवला. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी अंगात घालण्याची पाळी त्यांच्यावर आली होती, ही आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत आढळते. १८७८ मध्ये ते बी. ए. झाले व पुढे इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले. जॉन स्टुअर्ट मिल आणि हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्या मनावर खोल परिणाम झाला. मिलच्या लेखनातून व्यक्तिस्वातंत्र्य आणि स्त्रीपुरुष समता, तर स्पेन्सरच्या लेखनातून समाजाच्या क्रमविकासाची कल्पना त्यांनी घेतली. ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांची भूमिका अज्ञेयवादी होती.

कॉलेजात असतानाच, १८७९ मध्ये, त्यांची बाळ गंगाधर टिळक यांच्याशी मैत्री जडली. सरकारी नोकरी न करता देशसेवेसाठी शिक्षणकार्य करावयाचे, असा दोघांनी निश्चय केला. एम. ए.च्या परीक्षेच्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहून, मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आशा बाळगू नये, पोटापुरत्या पैशावर संतोष मानून आपण उरलेला सारा वेळ लोकांच्या हितासाठी खर्च करणार आहोत, असे कळवले होते. त्यांचा विवाह विद्यार्थिदशेतच यशोदाबाई यांच्याशी झाला होता.

न्यू इंग्लिश स्कूल आणि 'केसरी'

'निबंधमाला'कार विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी टिळक आणि माधवराव नामजोशी यांच्या सहकार्याने १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. शिक्षण पूर्ण करून आगरकर १८८१ मध्ये या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'तून लोकहितवादी आणि जोतीराव फुले या सुधारकांवर कठोर टीका केली होती. पुढे सुधारणेचा कट्टर पुरस्कार करणारे आगरकर त्यांच्या शाळेत आले, ते स्वभाषेचा आणि स्वदेशाचा अभिमान या समान धाग्यामुळे. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकरांचे अकाली निधन झाले.

याच मंडळींनी जानेवारी १८८१ मध्ये दोन साप्ताहिके सुरू केली. इंग्रजी 'मराठा' २ जानेवारीस आणि मराठी 'केसरी' ४ जानेवारीस निघाले. 'केसरी'च्या संपादनाचे काम मुख्यतः आगरकरांकडे व 'मराठा'चे टिळकांकडे होते. शाळेत शिकवून उरलेल्या वेळात ही पत्रे चालत. अल्पावधीतच 'केसरी' लोकप्रिय झाला.

कोल्हापूर प्रकरण आणि कारावास

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा दिवाण माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत असल्याचे आरोप दोन्ही पत्रांतून प्रसिद्ध झाले. ज्या पत्रांच्या आधारे हे लेखन झाले ती न्यायालयात बनावट ठरली आणि बर्वे यांनी केलेल्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत १७ जुलै १८८२ रोजी टिळक व आगरकर या दोघांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. खटल्याच्या काळात जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला. ज्या फुल्यांवर चिपळूणकरांनी टीका केली होती, त्यांनीच अडचणीच्या वेळी ही मदत केली.

दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले आणि २६ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांची सुटका झाली. तुरुंगात एकाच कोठडीत असताना दोघांमध्ये देशाची स्थिती, धर्म आणि समाज यांवर दीर्घ वादविवाद होत. या अनुभवावर आगरकरांनी 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' हे पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकाच्या भाषांतराचे कामही त्यांनी याच कारावासात केले.

'केसरी'तील मतभेद

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची आणि २ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना झाली. आगरकर महाविद्यालयात इतिहास, तर्कशास्त्र व तत्त्वज्ञान हे विषय शिकवू लागले. याच सुमारास बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयीची आपली टिपणे प्रसिद्ध केल्यामुळे देशभर वाद सुरू झाला. पाठोपाठ रखमाबाई खटल्याने त्यात भर घातली. अजाणत्या वयात झालेला विवाह पत्नीवर बंधनकारक मानावा काय, हा प्रश्न त्या खटल्याने न्यायालयात आणि वृत्तपत्रांत उभा केला.

या प्रश्नांवर 'केसरी'च्या चालकांत एकमत नव्हते. घातक रूढींना आळा घालण्यासाठी सरकारने कायदा करण्यास हरकत नाही, असे आगरकरांचे मत होते. परकीय सरकारला समाजाच्या अंतर्गत व्यवहारात हात घालू देऊ नये, सुधारणा शिक्षणाने व लोकमताने हळूहळू व्हावी, आणि सामाजिक वाद वाढवून लोकांत फूट पाडण्याऐवजी राजकीय जागृतीवर भर द्यावा, असे टिळकांना वाटे. पत्र अनेकांच्या मालकीचे असल्याने संपादकाला बहुमताचा विचार करावा लागे. त्यामुळे आगरकरांना सामाजिक विषयांवर मनमोकळेपणाने लिहिता येईना. अखेर ऑक्टोबर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी'चे संपादकत्व सोडले व ते टिळकांकडे गेले. आगरकरांच्या निवडक लेखांचा 'केसरीतील निवडक निबंध' हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

'सुधारक'ची स्थापना

'केसरी' सोडल्यानंतर सुमारे एक वर्षाने, सोमवार १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, पुण्यात 'सुधारक' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. पत्र द्विभाषिक होते. मराठी बाजू आगरकर सांभाळत, तर इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे होती. गोखले त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते आणि फर्ग्युसन महाविद्यालयात आगरकरांचे सहकारी होते. सुधारक हा शब्द त्या काळी पुण्यात बऱ्याच अंशी उपहासाने वापरला जाई. आगरकरांनी तोच पत्राचे नाव म्हणून स्वीकारला.

सामाजिक सुधारणेचा पुरस्कार करणारी मराठी पत्रे 'सुधारक'पूर्वीही होती. लोकहितवादींची 'शतपत्रे' मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकातून १८४८ पासून प्रसिद्ध झाली. १८६२ मध्ये निघालेल्या 'इंदुप्रकाश'मधून विष्णुशास्त्री पंडित यांनी विधवाविवाहाचा प्रचार केला, तर कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले 'दीनबंधु' हे पत्र सत्यशोधक विचारांचे होते. 'सुधारक'चे वेगळेपण त्याच्या युक्तिवादाच्या पद्धतीत होते. विष्णुशास्त्री पंडितांनी पुनर्विवाहाच्या बाजूने शास्त्रवचनांचा आधार घेतला होता आणि १८७० मध्ये पुण्यात त्यावर शास्त्रार्थही झाला होता. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही सुधारणेला परंपरेतून आधार मिळवून देण्याचा प्रयत्न करीत. आगरकरांनी हा मार्ग नाकारला. एखादी रूढी शास्त्रात सांगितली आहे किंवा नाही, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने गौण होता. तिच्यामुळे माणसाचे सुख वाढते की दुःख, हे पाहून ती ठेवावी किंवा टाकावी, असे त्यांचे म्हणणे होते. शास्त्राच्या आधाराने स्वीकारलेली सुधारणा शास्त्राच्याच आधाराने उलटवता येते, हा धोका त्यांनी ओळखला होता.

'सुधारक'मधील विषय

'सुधारक'मध्ये बालविवाह, जरठकुमारी विवाह, विधवांचे केशवपन, सक्तीचे वैधव्य, हुंडा, श्राद्धकर्म, सोवळेओवळे, जातिभेद आणि अस्पृश्यता या विषयांवर आगरकरांनी सातत्याने लिहिले. मुलींना मुलांप्रमाणेच, त्यांच्याच बरोबर आणि तेच शिक्षण द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. विवाह प्रौढ वयात, वधूवरांच्या संमतीने व्हावा आणि असह्य झालेल्या विवाहातून बाहेर पडण्याचा मार्ग कायद्याने असावा, ही मते त्यांनी त्या काळी उघडपणे मांडली. 'प्रियाराधन' या निबंधात त्यांनी परस्परांच्या निवडीने होणाऱ्या विवाहाची बाजू मांडली आहे.

मोठ्या तत्त्वांइतकेच लक्ष त्यांनी रोजच्या जगण्यातील लहान गोष्टींकडे दिले. 'सोवळ्याची मीमांसा' या निबंधात स्वच्छता आणि सोवळे यांतील फरक त्यांनी उलगडून दाखवला, तर 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' या लेखात स्त्रियांच्या पेहरावाचा विचार शरीररक्षण, सोय आणि शोभा या अंगांनी केला. पेहरावासारख्या विषयावर वर्तमानपत्रात गंभीर लेख लिहिण्याची त्यांच्या विरोधकांनी थट्टा केली. रूढीचे बंधन घरातल्या अशाच गोष्टींतून घट्ट होते, ही आगरकरांची धारणा असल्याने त्यांनी असे विषय कधी टाळले नाहीत.

आगरकर राजकारणाला विरोध करणारे होते, असा समज पुढे रूढ झाला. परंतु तो बरोबर नाही. देशाचे दारिद्र्य, परकीय सत्तेमुळे होणारे आर्थिक शोषण आणि स्वदेशी उद्योगांची आवश्यकता यांवरही त्यांनी लेखन केले आहे. 'गुलामांचे राष्ट्र' या निबंधात त्यांनी राजकीय पारतंत्र्याची सांगड रूढी आणि ग्रंथप्रामाण्य यांच्या मानसिक गुलामगिरीशी घातली. घरात स्त्रीला आणि समाजात कनिष्ठ मानलेल्या जातींना स्वातंत्र्य नाकारणारा समाज राजकीय स्वातंत्र्य टिकवू शकणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

संमतिवयाचा वाद

संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी 'केसरी' आणि 'सुधारक' यांच्यातील विरोध शिगेला पोहोचला. कलकत्त्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या समागमामुळे मृत्यू झाल्यानंतर, मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे करणारे विधेयक सर अँड्र्यू स्कोबल यांनी जानेवारी १८९१ मध्ये मांडले. 'केसरी'ने त्यास कडाडून विरोध केला आणि 'सुधारक'ने त्याचे समर्थन केले. पुण्यात दोन्ही बाजूंच्या सभा गाजल्या. सतीबंदीचा कायदाही सरकारनेच केला होता आणि तो समाजाच्या हिताचाच ठरला, हे उदाहरण सुधारकांच्या बाजूने दिले जाई. मार्च १८९१ मध्ये हा कायदा संमत झाला.

विशेष म्हणजे, 'सुधारक' सुरू झाल्यानंतरची दोन वर्षे परस्परांवर टीका करणाऱ्या या दोन पत्रांचे संपादक एकाच महाविद्यालयात अध्यापन करीत होते. संस्थेच्या आजीव सदस्यांची वेतने, बाहेरील कामे आणि संस्थेची शिस्त यांवरूनही त्यांच्यात वाद होत. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. एकेकाळच्या जिवलग मित्रांतील संबंध या काळात पूर्णपणे दुरावले.

लोकांचा विरोध

'सुधारक'मधील लेखनामुळे आगरकरांना पुण्यातील सनातनी वर्गाचा रोष सहन करावा लागला. ते हयात असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली आणि त्यांच्या घरावरून ती नेण्यात आली. निंदा, निनावी पत्रे व सामाजिक बहिष्कार यांचा उपद्रव त्यांच्या कुटुंबालाही झाला. पत्नी यशोदाबाई धार्मिक वृत्तीच्या होत्या. आगरकरांनी आपली मते त्यांच्यावर लादली नाहीत व त्यांच्या व्रतवैकल्यांत अडथळा आणला नाही. विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्याने घरातही दुसऱ्याचे स्वातंत्र्य मानले पाहिजे, हे तत्त्व त्यांनी असे आचरणात आणले. लोकापवादाच्या भीतीने त्यांनी आपले लेखन मात्र थांबवले नाही.

प्राचार्यपद आणि निधन

फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे यांचे ऑगस्ट १८९२ मध्ये निधन झाल्यावर आगरकर प्राचार्य झाले. महाविद्यालयाचा कारभार, अध्यापन आणि साप्ताहिकाचे लेखन ही कामे त्यांनी एकाच वेळी पार पाडली. महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी मार्च १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला. पुढे स्त्रीशिक्षणाच्या क्षेत्रात मोठे कार्य उभारणाऱ्या कर्वे यांच्यावर आगरकरांच्या विचारांचा प्रभाव होता.

आगरकरांना तरुणपणापासून दम्याचा विकार होता व अतिश्रमाने तो बळावत गेला. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यसंस्काराचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यासाठी लागणारे पैसे पुडीत बांधून त्यांनी उशाशी ठेवले होते, असे सांगितले जाते. 'केसरी'तील त्यांच्यावरील मृत्युलेख टिळकांनी स्वतः लिहिला. त्यात जुन्या मैत्रीचे स्मरण आणि आगरकरांच्या बुद्धिमत्तेचा व निःस्वार्थ वृत्तीचा गौरव होता. आगरकरांच्या पश्चात महादेव शिवराम गोळे हे फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. 'सुधारक' अन्य संपादकांच्या हाती आणखी काही वर्षे चालले. परंतु त्याची ओळख आगरकरांच्या नावाशीच जोडलेली राहिली.

वाङ्मय

आगरकरांचे बहुतेक लेखन नियतकालिकांतील निबंधांच्या रूपात आहे. याखेरीज त्यांची पुढील पुस्तके प्रसिद्ध आहेत:

- 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' (१८८२): कारावासातील अनुभवांचे कथन.
- 'विकारविलसित' (१८८३): शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे मराठी भाषांतर. शाहूनगरवासी नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले व गणपतराव जोशी यांची त्यातील प्रमुख भूमिका विशेष गाजली.
- 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' (१८८८): इंग्रजी व्याकरणातील वाक्यपृथक्करणाची पद्धत मराठीला लावून केलेले विवेचन. मराठी शाळांत पुढे रूढ झालेल्या वाक्यपृथक्करणाच्या अभ्यासाच्या दृष्टीने हे पुस्तक महत्त्वाचे आहे.

त्यांच्या गद्यशैलीत तर्कशुद्ध मांडणी आणि भावनेची उत्कटता एकत्र आढळतात. लांब, पल्लेदार वाक्ये, प्रश्नांची मालिका आणि उपरोध हे तिचे ठळक विशेष होत. चिपळूणकरांच्या संस्कृतप्रचुर व आलंकारिक गद्याच्या तुलनेत ती अधिक विचारप्रधान आहे, तर टिळकांच्या थेट आणि आटोपशीर शैलीच्या तुलनेत अधिक ओघवती व भावनोत्कट आहे. विधवांच्या दुःखाचे वर्णन करताना त्यांचे गद्य करुणरसाने ओथंबते.

मूल्यमापन

आगरकरांच्या विचारांवर काही आक्षेप घेतले गेले आहेत. त्यांच्या लेखनात पांढरपेशा वर्गातील स्त्रियांचे प्रश्न प्रामुख्याने आले व शेतकरी आणि कष्टकरी यांच्या जीवनाचा विचार तुलनेने कमी झाला, ही टीका त्यांपैकी प्रमुख होय. जोतीराव फुले यांच्याप्रमाणे त्यांनी संस्था अथवा चळवळ उभारली नाही. लेखणी हेच त्यांचे मुख्य साधन राहिले आणि तिचा वाचक साक्षर, मुख्यतः ब्राह्मण समाज होता. तथापि, ज्या समाजात ते जन्मले व वावरले त्याच समाजाच्या रूढींवर, त्याच समाजाच्या रोषाला तोंड देत, त्यांनी लिहिले. त्यांनी पुरस्कारलेल्या मुलींच्या शिक्षणाला, प्रौढविवाहाला आणि घटस्फोटाला पुढील काळात कायद्याची व समाजाची मान्यता मिळाली. प्रचलित मताशी जुळवून घेण्याऐवजी लोकप्रिय पत्राचे संपादकत्व सोडण्याच्या त्यांच्या निर्णयाला मराठी पत्रकारितेच्या इतिहासात महत्त्व आहे.

स्मृती

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने म. गं. नातू आणि दि. य. देशपांडे यांनी संपादित केलेले 'आगरकर-वाङ्मय' तीन खंडांत प्रसिद्ध केले आहे. दि. य. देशपांडे यांनी आगरकरांचा विवेकवाद पुढे नेण्यासाठी १९९० मध्ये नागपूर येथून 'नवा सुधारक' हे मासिक सुरू केले. तेच पुढे 'आजचा सुधारक' या नावाने प्रसिद्ध होऊ लागले. या दोन मित्रांच्या संबंधांवर विश्राम बेडेकर यांनी 'टिळक आणि आगरकर' हे नाटक लिहिले आहे. पुण्यातील एका रस्त्याला आगरकरांचे नाव देण्यात आले आहे. त्याच रस्त्यावर असलेली आघारकर संशोधन संस्था मात्र वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या नावाने ओळखली जाते. नामसाधर्म्यामुळे या दोघांविषयी अनेकदा गल्लत होते.